अमेरिकेतले सहा महिने आणि अंगावर काढलेले दुखणे

दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेच्या वर्षाला दोन टोके असतात : एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील गोडी छाटणी. अमेरिकेत पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी साधारणतः सहा महिनेच राहता येते. त्यामुळे ज्यांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, असे आमच्याकडील कित्येक आईवडील खरड छाटणी उरकून निघतात आणि गोडी छाटणीपर्यंत परततात. याच हिशेबाने आम्ही उभयता डॅलसजवळच्या एका उपनगरात मुलाकडे गेलो. मुलगा प्रेमळ, सूनबाई समजूतदार, नातवंडे लाघवी, घर प्रशस्त. तरीही त्या सहा महिन्यांत पत्नीची प्रकृती इतकी बिघडली, की तिला रुग्णालयात ठेवावे लागले. ते टाळता आले असते, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

लहान लहान काटे

तिथला त्रास मोठा नसतो. तो बारीक बारीक असतो आणि रोज असतो. घराबाहेर पडावे तर पदपथ मध्येच संपतो. पाव किलो मिरच्या आणायच्या तरी मोटार लागते, आणि मोटार चालवता येत नसेल तर साठी-सत्तरीच्या माणसाला मुलाच्या सुट्टीची वाट पाहावी लागते. दुकानात वस्तूवर लिहिलेली किंमत खरी नसते, कारण कर गल्ल्यावर चढतो. पैसे घ्यायलाही अनेकदा माणूस नसतो, यंत्र असते. दूरध्वनी केला तर ‘एक दाबा, दोन दाबा’ ऐकता ऐकता मूळ प्रश्न विसरायला होतो. फोडणी चुरचुरली की छताला बसवलेला धुराचा भोंगा किंचाळू लागतो. शेजारी रोज हसून ‘कसे आहात?’ असे विचारतो. परंतु उत्तर ऐकायला थांबत नाही. पहिल्या आठवड्यात मी त्याला माझ्या गुडघ्याविषयी सविस्तर सांगू लागलो, तेव्हा तो गोंधळला. तो प्रश्न नव्हता, नमस्कार होता, हे मला पुढे उमगले.

या गोष्टींवर आम्ही हसतही असू. पण दिंडोरीत दिवसातून दहा माणसांशी बोलणाऱ्या बाईला तिथे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा भिंतींशीच बोलावे लागते. भारतातील घड्याळ उन्हाळ्यात तिथल्यापेक्षा साडेदहा तास पुढे असते; आपल्याला बोलावेसे वाटते तेव्हा बहिणीच्या घरी मध्यरात्र असते. बाहेर ऊन चाळीस अंशांच्या आसपास आणि आत वातानुकूलन, त्यामुळे चालणेही बंद झाले.

ही केवळ परक्या म्हाताऱ्यांची कुरकुर नाही. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी 2023 साली एकाकीपणाविषयी देशाला अधिकृत इशारा दिला. माणसांचा सहवास तुटल्याने हृदयविकाराचा धोका सुमारे 29 टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा सुमारे 32 टक्क्यांनी वाढतो, असे त्यात नमूद आहे.

तिसरी उशी

ऑगस्टमध्ये एके दिवशी अंथरूण आवरताना सूनबाईंच्या लक्षात आले, की सासूबाई दोनऐवजी तीन उशा घेऊन झोपत आहेत. विचारल्यावर पत्नी म्हणाली, “सहज.” सूनबाईंनी पाय पाहिले, तर घोट्यांवर बोट दाबले की खड्डा पडत होता. रात्री आडवे झाल्यावर दम लागतो, हे तिने आम्हा कोणालाही सांगितले नव्हते. कारण विचारले तेव्हा ती रडू लागली. “इथल्या दवाखान्याचे बिल म्हणजे पोराचे घर विकावे लागेल, असे सगळे म्हणतात.”

आणखी एक गोष्ट तिने लपवली होती. रक्तदाबाच्या आणि लघवी होण्याच्या गोळ्या आम्ही पाच महिन्यांपुरत्याच नेल्या होत्या. त्या कमी पडणार हे मोजून तिने जूनपासून गोळी दिवसाआड घ्यायला सुरुवात केली होती. त्यात तिथल्या पावात, डबाबंद सूपमध्ये आणि सॉसमध्ये मीठ भरपूर. छातीत पाणी साठण्यास एवढे पुरेसे होते.

दोन दिवसांत तिला आराम पडला. बिल आले तेव्हा मात्र माझे डोळे पांढरे झाले. विमा कंपनीने ‘आजार आधीपासूनचा आहे’ असे सांगून हात झटकले. मुलाने बिलाचा कलमवार तपशील मागवला, सवलतीसाठी अर्ज केला. रक्कम बरीच उतरली आणि हप्ते बांधून मिळाले. पत्नीने भीती बाळगली ती अगदीच निराधार नव्हती. परंतु पहिल्याच आठवड्यात साध्या दवाखान्यात गेलो असतो, तर रुग्णालयाची पायरी चढावी लागली नसती.

निघण्यापूर्वी

औषधे मुक्कामापेक्षा एक महिना अधिक न्यावीत. ती मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत असावीत. आपल्याकडच्याप्रमाणे ओळखीच्या मेडिकलमधून रक्तदाबाची गोळी तिथे मिळत नाही; स्थानिक डॉक्टरांची चिठ्ठी लागते. इन्शुलिन घेणाऱ्यांनी बदलत्या वेळांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. विमानात दर तासा-दोन तासांनी उठून चालावे, पोटऱ्या हलवाव्यात, पाणी प्यावे; फार वेळ बसून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते.

विमा घेताना ‘आधीपासूनचा आजार’ हे कलम मुलांना वाचायला लावावे. ‘मेडिकेअर’ ही 65 वर्षांवरील नागरिकांची सरकारी योजना पाहुण्यांना लागू होत नाही.

तिथे गेल्यावर

औषधांची नावे बदलतात. आपले पॅरासिटामॉल तिथे ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ या नावाने मिळते आणि सर्दीच्या अनेक मिश्र औषधांतही ते असते. दोन्ही एकदम घेतल्यास यकृतावर भार पडतो. दम्याचे सालब्युटामॉल तिथे ‘अल्ब्युटेरॉल’ होते. चिठ्ठीविना मिळणाऱ्या झोपेच्या बहुतेक गोळ्यांत अ‍ॅलर्जीवरील जुने औषध असते. त्याने वृद्धांना भ्रम होणे, लघवी अडणे, तोल जाणे असे त्रास होतात. त्या टाळाव्यात.

स्नानगृहातील टबाचा उंच काठ ओलांडताना घसरण्याचा धोका असतो. आत रबरी चटई आणि भिंतीला धरण्याचा दांडा आधीच बसवून घ्यावा.

हृदयाचे दुखणे असणाऱ्यांनी रोज सकाळी वजन करावे. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोंहून अधिक वाढ झाली, तर डॉक्टरांना कळवावे. तिथला काटा पौंडात असतो. एक किलो म्हणजे सुमारे 2.2 पौंड.

छातीत दुखणे, बोलणे अडखळणे, दम लागणे अशा वेळी बिलाचा विचार न करता 911 क्रमांक लावावा. 1986 च्या कायद्यानुसार रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला पैशांची ऐपत न पाहता रुग्णाला तपासावे आणि त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. बिल नंतर येते आणि त्याविषयी बोलता येते. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयात दुभाषी विनामूल्य मिळतो. दूरध्वनीवरून का होईना, मराठी दुभाषी मागावा.

मन रमवण्याचीही सोय असते. सार्वजनिक ग्रंथालये विनामूल्य असतात, अनेक गावांत ज्येष्ठांची केंद्रे असतात, उन्हाच्या दिवसांत लोक मोठ्या मॉलमध्ये सकाळी चालायला जातात. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून कार्यरत आहे. शहरातील मंडळाचा पत्ता मुलांनी आधीच शोधून ठेवावा. पत्नी बरी झाल्यावर शेजारच्या दोन मराठी मुलांना रोज अर्धा तास बाराखडी शिकवू लागली. त्यानंतर तिने भिंतींशी बोलणे थांबवले.

मुलांसाठी दोन शब्द

आईवडिलांना ‘काही त्रास आहे का?’ असे विचारू नका. ‘नाही’ हेच उत्तर येईल. गोळ्या स्वतः मोजा, पाय पाहा, जेवण किती कमी झाले ते पाहा. त्यांच्यासमोर बिलांच्या भयकथा सांगू नका. दवाखान्याचा खर्च कसा भागवायचा, याची योजना त्यांना पहिल्याच आठवड्यात शांतपणे समजावून सांगा. आपल्यामुळे मुलांवर ओझे पडेल ही भीती म्हाताऱ्या माणसाला दुखण्यापेक्षा जड वाटते.

आम्ही ऑक्टोबरमध्ये परतलो तेव्हा शिवारात गोडी छाटणी सुरू झाली होती. मुलाचा फोन दर रविवारी येतो. पूर्वी तो “आई, कशी आहेस?” असे विचारत असे आणि ती “मजेत” म्हणत असे. आता तो विचारतो, “आई, काल रात्री किती उशा घेतल्यास?” आणि ती खरे उत्तर देते.