सीटखालची टाकी

लग्न होऊन आले तेव्हा सासरच्या अंगणात, तुळशीवृंदावनाच्या पलीकडे, एक जीप उभी होती. चाकं मातीत रुतलेली, बॉनेटवर कुरडयांचं वाळवण. सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं एकच म्हणणं, “ही लढाईतली आहे. दुसऱ्या महायुद्धातली.” आणि गावाचं म्हणणं, अण्णा फेकतात!

अण्णांना आता ८४ वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी ठरवलं, अण्णांच्या डोळ्यांदेखत जीप एकदा सुरू करायची. तालुक्याहून मेकॅनिक आला. त्याने आधी समोरच्या जाळीच्या फटी मोजल्या. सात भरल्या. “लढाईतल्या जीपला नऊ असतात, वहिनी. ही नंतरची.” अण्णा काही न बोलता उठून आत गेले. रात्री जेवलेही नाहीत.

ते मला फार लागलं. मग मीच जिथून मिळेल तिथून माहिती जमवायला लागले. मेकॅनिक खोटं बोलत नव्हता. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. त्यातल्या काही इकडे आलेल्या अमेरिकन फौजेबरोबर आल्या आणि लढाई संपल्यावर इथेच विकल्या गेल्या. पुढे महिंद्रने मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली. त्या नागरी जीप, त्यांना सात फटी. म्हणजे दोन्ही घराण्यांच्या जीप आपल्या रस्त्यांवर धावल्या आणि एकीचे भाग दुसरीला लागत गेले. एखाद्या धडकेनंतर समोरची जाळी बदलली तर नऊच्या जागी सात व्हायला कितीसा वेळ?

पण टाकी तशी चटकन बदलत नाही. लढाईतल्या जीपची पेट्रोलची टाकी चक्क ड्रायव्हरच्या सीटखाली असते, १५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे साधारण ५७ लिटरची. गाडीच्या तळाला तिच्यासाठी एक खोलगट भाग केलेला असतो, त्यात ती बसते. झाकणही सीटच्या गादीखालीच. पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरने उठायचं! नागरी जीप काढताना ही गैरसोय दूर करून झाकण बाहेर, बाजूला आणलं. सुरुवातीच्या युद्धजीपच्या टाकीचं तोंड लहान होतं, पुढे ते मोठं केलं, कॅनमधून भराभर ओतता यावं म्हणून. खोलगट भागाचे कोपरेही आधी गोलसर होते, नंतर चौकोनी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रायव्हरची गादी उचलली. डाव्या बाजूची बरं का, कारण युद्धातल्या जीपचं स्टिअरिंग डावीकडेच असायचं. खाली मुंग्यांचं वारूळ, एक हरवलेला चमचा आणि मोठ्या तोंडाचं झाकण! बाहेरच्या बाजूला भोक बुजवल्याची कुठे खूण नाही. घासलेटच्या फडक्याने बोल्ट पुसले तर तीन बोल्टांच्या डोक्यावर वळणदार इंग्रजी ‘एफ’. फोर्ड आपल्या लहानसहान भागांवरही हे अक्षर उमटवत असे. एकटा बोल्ट पुरावा होत नाही, तो कुठूनही येऊ शकतो. पण टाकी, तिची जागा, कोपरे आणि बोल्ट सगळे एकच सांगत होते. मी अण्णांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी तीनही बोल्ट बोटाने चाचपले.

मग टाकी दुरुस्त करायची ठरली, नवी बसवायची नाही. वरून ठीक, पण तळाला दोन भोकं. टाकी आणि खोलगट भाग यांच्यामध्ये पावसाचं पाणी नि चिखल साचतो आणि ती बाहेरून कुजते.

इथे आमच्या घरात अनर्थ व्हायचा राहिला. वेल्डिंगवाला मुलगा म्हणाला, “टाकी वर्षानुवर्षं रिकामी आहे, लगेच मारतो टाका.” मी झाकण उघडून हुंगलं. वास होता! गॅसचा वास आला तर आपण काडी ओढतो का? भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातक, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात, नुसती ठिणगी पुरते. एकदा धुऊनही भागत नाही. गंजाच्या थरात, शिवणीत मुरलेलं पेट्रोल उष्णतेने पुन्हा वाफ होऊन येतं. मुलगा रागावला. ह्यांनाही वाटलं, ही काय सांगणार! पण मी टाकीसमोरून हलले नाही. शेवटी जिथे टाकी वाफेने शुद्ध करून मगच डाग देतात, अशा ठिकाणी ती पाठवली.

बाकीचं काम मात्र आपल्या ओळखीचं. त्या काळच्या टाक्यांच्या पत्र्याला शिसं आणि कथील यांचा मुलामा असे, एका परीने कल्हईच. म्हणून आत तीव्र आम्ल ओतत नाहीत, तो मुलामाच निघून जातो. गंजापुरतं सौम्य लिंबूसत्त्व गरम पाण्यात घालायचं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून लगेच कोरडं करायचं, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस गंज. शिशाचं हे पाणी झाडांना, गुरांना अजिबात नको. गळती बघायला साबणाचं पाणी लावून आत सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा. आतून लेप द्यायचा तर तो इथेनॉलला टिकणारा हवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुने लेप आणि जुन्या रबरी नळ्या त्यात विरघळतात. आम्ही नळ्या सगळ्या बदलल्या.

दिवाळीच्या आदल्या रविवारी टाकी जागेवर बसली. अण्णा टोपी घालून केव्हाचे स्टिअरिंगला हात लावून बसले होते. हे पेट्रोलचा कॅन घेऊन आले आणि थबकले.

“अण्णा, उठा जरा. पेट्रोल तुमच्या खाली घालायचंय.”