लिफ्टमध्ये सुटलेलं नाणं

वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये हातातून नाणं सुटलं, तर ते नेहमीपेक्षा लवकर फरशीवर आपटेल असं पुष्कळांना वाटतं. नाणं खाली येतंय, फरशी वर येतेय, मग गाठ लवकरच पडणार! पण मुठीत असताना नाणंही लिफ्टबरोबर वरच चाललेलं असतं, आणि मूठ उघडली म्हणून तो वेग नाहीसा होत नाही.

समजा, लिफ्ट सेकंदाला २ मीटर अशा एकसारख्या वेगाने वर चालली आहे आणि नाणं सुटलं सव्वा मीटरवरून. काचेच्या लिफ्टकडे जिन्यातून पाहणाऱ्याला ते आधी २० सेंटिमीटर वर गेलेलं दिसेल. अर्ध्या सेकंदात ते सुटल्या जागेच्या जेमतेम २५ सेंटिमीटर खाली येतं, तोवर फरशी मीटरभर वर येऊन त्याला गाठते. आतल्याला मात्र नाणं सरळ सव्वा मीटर पडलेलं दिसतं. वेळ दोघांच्याही घड्याळात अर्धा सेकंदच, घरात लागतो तेवढाच. दोघांचंही खरं आहे, आणि मला तरी यातलं सौंदर्य अजून पुरतं ओसरलेलं वाटत नाही.

फरक पडतो तो वेग बदलताना. ६० किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा असेल, तर लिफ्ट वर निघताना काटा ६६च्या आसपास जातो, मधल्या मजल्यांवर पुन्हा ६० दाखवतो आणि थांबताना ५४पर्यंत उतरतो. पोटात गोळा येतो तो याच क्षणांना.

लिफ्ट कोसळलीच, तर आपटण्याआधी उडी मारून वाचता येतं, हा दुसरा समज. ३० मीटर मोकळी पडलेली लिफ्ट ताशी ८७ किलोमीटरवर पोचते. चांगली उडी त्यातले दहाएक कमी करील. शिवाय पाय फरशीवर दाबलेलेच नसतात. गुडघे वाकवले की तळवे वर उचलले जातात. अर्थात लिफ्ट एका दोरावर लटकत नाही. आणि दोर तुटला तरी लिफ्ट अडवणारी पकड तिचे शोधक ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कमध्ये, वर चढवलेल्या फळीवर स्वतः उभं राहून आणि दोर कापायला लावून लोकांना दाखवली होती.

पडणाऱ्याला स्वतःचं वजन जाणवत नाही, हे आइन्स्टाइनना १९०७ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात सुचलं. तरीही अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, असं आपण सर्रास म्हणतो. ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. तिथे नाणं सोडलं तर हाताशेजारीच तरंगत राहतं, कारण नाणं, हात आणि स्थानक तिन्ही पृथ्वीभोवती एकत्रच पडत असतात.