पुठ्ठ्याचं चर्च आणि दगडाचं बिल

संपादकांनी मला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दगडी कॅथिड्रलवर लिहायला सांगितलं होतं. ते कुंपणाआड. त्याचा इतिहास थोडक्यात असा: 1864 मध्ये कोनशिला, 1904 मध्ये बांधकाम पूर्ण, आणि 22 फेब्रुवारी 2011 ला दुपारी 12 वाजून 51 मिनिटांनी 6.3 रिश्टरचा भूकंप. शहरात 185 माणसं गेली. कॅथिड्रलचा मनोरा कोसळला.

मी रमलो ते लॅटिमर चौकाजवळच्या दुसऱ्या इमारतीत. कॅथिड्रलला तात्पुरता पर्याय म्हणून ती बांधली आणि अँग्लिकन मंडळी 2013 च्या ऑगस्टपासून तिथे उपासनेला जमते. छताला 98 पुठ्ठ्याच्या नळ्या आहेत. कापडाचं ठाण ज्यावर गुंडाळतात त्याच जातकुळीच्या, पण व्यास सुमारे 60 सेंटीमीटर. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी आराखड्याचे पैसे घेतले नाहीत. कोबेच्या भूकंपानंतर 1995 मध्ये त्यांनी असंच कागदी चर्च उभारलं होतं.

युक्ती पाहण्यासारखी आहे. सगळ्या नळ्या सारख्याच लांबीच्या. जमिनीचा आराखडा मात्र एका टोकाला अरुंद होत जातो, त्यामुळे नळ्यांचा कोन हळूहळू बदलतो आणि छत वेदीकडे वर चढत वेदीवर 21 मीटरपर्यंत पोचतं. कसलीही नक्षी न करता आलेली ही भव्यता आहे. नळ्यांमधल्या फटींतून उजेड झिरपतो. वरचं आच्छादन पॉलिकार्बोनेटचं आणि बाजूच्या भिंतींत आठ जहाजी कंटेनर. सगळा भार नळ्यांनीच पेलावा, असं बान यांच्या मनात होतं. पण तेवढ्या जाड नळ्या स्थानिक कारखान्यांना जमेनात, म्हणून आत लाकडी तुळया घातल्या. ही तडजोड मला इमारतीहूनही आवडली. 700 माणसं बसतात. आयुष्य 50 वर्षांचं धरलं आहे. याला तात्पुरतं म्हणायचं!

दगडाची गोष्ट इतकी सरळ नाही. 2012 मध्ये बिशप व्हिक्टोरिया मॅथ्यूज यांनी पडकी वास्तू उतरवायचं ठरवलं, आणि वारसाप्रेमी कोर्टात गेले. कोर्टाने वर हेही सांगितलं की विम्याचा पैसा दगडी कॅथिड्रलचा आहे, पुठ्ठ्यावर उधळता येणार नाही. अखेर 2017 मध्ये धर्मप्रांताच्या सभेने बहुमताने जीर्णोद्धाराचा कौल दिला. तेव्हा अंदाज 10.4 कोटी डॉलरचा होता. भूकंपात इमारतीला धक्का कमी बसावा म्हणून पायाखाली आयसोलेटर बसवायचे, म्हणजे उभ्या भिंतींखाली खणायचं. खर्च 24.8 कोटींवर गेला. काटछाट करून 21.9 कोटींवर आणला, तरी साडेआठ कोटी कमीच. सरकारने आणखी पैसे द्यायला नकार दिला आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये काम थांबवावं लागलं.

दगडी कॅथिड्रल उघडलं की पुठ्ठ्याची इमारत सेंट जॉन पॅरिशकडे जायची आहे. त्या पॅरिशचं जुनं दगडी चर्च याच जागेवर होतं आणि तेही भूकंपातच गेलं. दोन्ही मंडळ्या सध्या एकाच छपराखाली आहेत.

शहराच्या मध्यावरचं खिंडार कुणालाच नको, हे मान्य. पण नूतनीकरण म्हणजे माणसं पुन्हा एकत्र बसू लागणं असेल, तर ते काम पुठ्ठ्याने केव्हाच उरकलं. कुंपणाआडच्या दगडांचं जे व्हायचं ते होवो. त्यासाठी मंडळीने कर्जात बुडू नये, असं माझं मत आहे.