घराची ऊब (लेखांक ६) : दिवा किती वेळा लुकलुकला?

मागच्या आठवड्यात आपण थर्मोस्टॅटपाशी थांबलो होतो. त्याने ऊब मागितली आहे, बाहेर बर्फ पडतोय आणि बेसमेंटमधली फर्नेस मात्र गार. अमेरिका-कॅनडातल्या आपल्या मंडळींचा हात अशा वेळी आधी जातो तो फर्नेसच्या बटणाकडे. बंद करायचं, चालू करायचं. हे लगेच करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कित्येक कंट्रोल बोर्डांवरची बिघाडाची खूण वीज जाताच पुसली जाते. फर्नेस सुरू होते, पहाटे पुन्हा बंद पडते, आणि का ते सांगणारं काहीच हाती उरत नाही.

खालचं दारही लगेच काढू नका. ते काढलं की आतला स्विच वीज तोडतो. बहुतेक दारांना एक छोटी गोल काच असते. तिच्यातून आतला बारीक दिवा दिसतो. तो लुकलुकत असेल तर मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा, कारण थंडीत कुडकुडत मोजताना हमखास चूक होते. कॅरियरच्या बऱ्याच फर्नेसमध्ये आधी छोटे आणि मग लांब लुकलुकाट येतात: तीन छोटे, एक लांब म्हणजे बिघाड क्रमांक 31. गुडमनच्या अनेक मॉडेलांत नुसते तीन लुकलुकाट तोच बिघाड सांगतात. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी, म्हणून पाठांतर नको. तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. व्हिडिओ झाल्यावर वीज बंद करून दार काढा आणि तो वाचा.

तक्त्यात 31 पुढे ‘प्रेशर स्विच’ असं दिसलं की लोक नवा प्रेशर स्विच मागवतात. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. फर्नेस एका ठरलेल्या क्रमाने पेटते. आधी धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा फिरतो. त्याची ओढ पुरेशी असली तर प्रेशर स्विच जुळतो. मग इग्नायटर लाल होतो, गॅस सुटतो, ज्योत लागते, ज्योत लागल्याची खात्री होते आणि शेवटी घरात हवा ढकलणारा मोठा पंखा सुरू होतो. साखळी कुठे तुटली एवढंच दिवा सांगतो. का तुटली, ते आपण शोधायचं. स्विच जुळला नाही, तर तो बिचारा बहुधा खरंच बोलत असतो: ओढ नाही. म्हणून आधी घराबाहेर जा. नव्या, जास्त कार्यक्षम फर्नेसचे पांढरे प्लॅस्टिकचे पाईप भिंतीतून बाहेर निघतात, आणि वाऱ्याने साचलेला बर्फ त्यांची तोंडं बुजवतो. तो हाताने काढा. तिथे काही नसेल तर फर्नेसमधलं पाणी वाहून नेणारी नळी तुंबली आहे का, ते पाहा.

दुसरा नेहमीचा प्रकार असा: ज्योत लागते आणि काही सेकंदांत विझते. अनेकदा दोष फ्लेम सेन्सरवर जमलेल्या थराचा असतो. ही धातूची बारीक सळई ज्योतीत उभी असते. ज्योतीतून तिच्यात जाणारा प्रवाह अवघा काही मायक्रोअँपिअरचा, त्यामुळे पातळ थरही तो अडवतो. वीज आणि गॅस बंद करून एक स्क्रू काढायचा, सळई बारीक स्टील वूलने हलकेच पुसायची. शेजारच्या इग्नायटरला मात्र बोट लावू नका, तो फार ठिसूळ असतो.

तक्त्यात ‘लिमिट’ आलं तर बहुधा फर्नेस आतून जास्त तापते आहे. फिल्टर बदला आणि खोल्यांतल्या गरम हवेच्या बंद केलेल्या झडपा उघडा.

‘रोल-आऊट’ हा शब्द दिसला तर मात्र तिथेच थांबा. ज्योत पेटीबाहेर आल्याची ती खूण आहे. त्या स्विचचं बटण दाबून किंवा तार जोडून फर्नेस चालवू नका. कार्बन मोनॉक्साईड घरात येऊ शकतो आणि त्याला वास नसतो. फर्नेस बंद ठेवून जाणकाराला बोलवा, आणि व्हिडिओ दाखवा. गॅसचा वास आला, तर दिवा मोजत बसू नका. कुठलंही बटण न दाबता सगळे घराबाहेर पडा, फोन बाहेरून करा.