सपाट रंग, मोजकी रेषा : आधुनिक शैलीचे कार्टूनपट आणि मुंबईचा कार्टून विभाग

विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या सहा-सात मिनिटांच्या कार्टूनपटांनी आपले रूप जितक्या थोड्या वर्षांत पालटले, तितके ते त्याआधी वा नंतर क्वचितच पालटले असेल. आधुनिक शैलीचा कार्टूनपट म्हणजे ज्यात पात्रांना गोलाई आणि छायाप्रकाश देऊन खरेपणाचा आभास निर्माण केला जात नाही, उलट सपाट रंगक्षेत्रे, भौमितिक आकार, खोलीचा भास टाळणारी पार्श्वभूमी आणि मोजकी, बोलकी रेषा यांवर सारा भर असतो, असा कार्टूनपट. या शैलीचा सर्वांत परिचित नमुना म्हणजे १९५० चा ‘जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग’. शब्दांऐवजी केवळ आवाज काढणाऱ्या मुलाच्या या गोष्टीत घराच्या भिंती रेखाटलेल्याच नाहीत. एखादी खुर्ची, एखादे दार एवढ्यावर घर उभे राहते आणि मुलाची मनःस्थिती बदलली की पार्श्वभूमीचा रंग बदलतो. डॉ. स्यूस यांच्या कथेवरून रॉबर्ट कॅनन यांनी दिग्दर्शित केलेल्या या कार्टूनपटाला ऑस्कर मिळाले.

ज्या संस्थेने तो केला ती यूपीए, म्हणजे युनायटेड प्रॉडक्शन्स ऑफ अमेरिका, मुळात एका संपातून जन्मली. १९४१ च्या मे महिन्यात डिस्नेच्या स्टुडिओतील कलाकारांनी संप केला, त्यानंतर बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी १९४३ मध्ये छोटी संस्था काढली आणि युद्धकाळातील प्रशिक्षणपट व प्रचारपट करताना स्वतःची चित्रभाषा घडवली. या मंडळींना मातिस आणि पिकासो ठाऊक होते, पोस्टरकला ठाऊक होती, सॉल स्टाइनबर्गची एकसलग रेषा ठाऊक होती. कागदावरच्या चित्राने खऱ्या झाडाची किंवा खऱ्या हरणाची नक्कल का करावी, हा प्रश्न त्यांनी कार्टूनपटाला प्रथमच गंभीरपणे विचारला. १९४८ पासून कोलंबिया कंपनी त्यांचे कार्टूनपट वितरित करू लागली. जॉन हबली यांचा ‘रूटी टूट टूट’ (१९५१) आणि पो यांच्या भयकथेवरील ‘द टेल-टेल हार्ट’ (१९५३) यांनी हे माध्यम प्रौढांसाठीही आहे हे सिद्ध केले. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने यूपीएच्या कामाचे प्रदर्शन भरवले. मात्र हबली यांना राजकीय संशयाच्या वातावरणामुळे १९५२ मध्येच संस्था सोडावी लागली होती, आणि त्या संस्थेची सर्वांत मोठी हानी तीच होय.

या शैलीशी जोडलेली दुसरी संज्ञा ‘मर्यादित ॲनिमेशन’ ही होय. पडद्यावर दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे सात मिनिटांच्या कार्टूनपटाला दहा हजारांहून अधिक चौकटी लागतात. पूर्ण ॲनिमेशनमध्ये बहुधा एका चित्राच्या दोन चौकटी घेतात, त्यामुळे हजारो नवी चित्रे काढावी लागतात. मर्यादित ॲनिमेशनमध्ये एकच चित्र अधिक काळ टिकते, धड स्थिर राहून केवळ हात किंवा डोळे हलतात आणि प्रसंगाचा बराच भार मांडणी, रंग व आवाज उचलतात. पुढे दूरचित्रवाणीने याच पद्धतीचा उपयोग निव्वळ काटकसरीसाठी केल्यामुळे तिची अपकीर्ती झाली, परंतु मूळ कलाकारांसाठी ती चित्राच्या स्वभावातून निघालेली निवड होती. याच सुमारास युगोस्लाव्हियात झाग्रेब येथे असेच काम सुरू झाले आणि दुशान वुकोतिच यांच्या ‘सुरोगात’ (१९६१) या कार्टूनपटाला ऑस्कर मिळाले. अमेरिकेबाहेरील कार्टूनपटाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

भारतात ही शैली आली ती मुंबईत, आणि एका सरकारी खात्यात. महाराष्ट्रात चित्रे हलवण्याची हौस त्याहून कितीतरी जुनी होती: दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केला होता आणि प्रभात फिल्म कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला होता. परंतु हे प्रयोग सुटे राहिले, कारण नियमित काम देईल असा आश्रयदाता कोणी नव्हता. तो आश्रयदाता १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या रूपाने मिळाला आणि १९५६ मध्ये तिथे स्वतंत्र कार्टून विभाग सुरू झाला. जी. के. गोखले, राम मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिकवण्यासाठी अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य कार्यक्रमातून आले ते क्लेअर वीक्स. ते डिस्नेचे ॲनिमेटर, ‘स्नो व्हाइट’, ‘बॅम्बी’ आणि ‘पीटर पॅन’ यांवर काम केलेले, आणि मिशनरी कुटुंबात भारतातच जन्मलेले.

‘द बनियन डिअर’ (१९५७) हा या प्रशिक्षणातून निघालेला पहिला महत्त्वाचा कार्टूनपट निग्रोधमृग जातकावर आधारलेला आहे. गाभण हरिणीच्या जागी स्वतःचे प्राण देऊ करणाऱ्या मृगराजाची ही कथा असून तिच्या चित्रणाला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची प्रेरणा होती. हे काम मनापासून केलेले आहे, तरी त्याचा आत्मा डिस्नेचाच राहतो: हरणांच्या अंगाला ‘बॅम्बी’ची लवचीक गोलाई आहे आणि अजिंठा बहुतांशी पोशाखात व पार्श्वभूमीत उरतो. खरे तर अजिंठ्याच्या चित्रकाराला बाह्यरेषेचे जे सामर्थ्य ठाऊक होते ते आधुनिक शैलीच्या अधिक जवळचे होते. पुढच्याच वर्षीच्या जहांगीर भावनगरी यांच्या ‘राधा अँड कृष्ण’मध्ये पहाडी लघुचित्रांवरून कॅमेरा फिरवला आहे. रूढ अर्थाने ते ॲनिमेशन नव्हे, तरी सपाट भारतीय चित्र पडद्यावर स्वतःच्या नियमांनी जगू शकते याची साक्ष त्यातून मिळाली.

शिक्षक परतल्यानंतर मात्र या विभागाने आपला मार्ग स्वतः शोधला, आणि तो डिस्नेकडे गेला नाही. मिनू मसानी यांच्या १९४० च्या ‘अवर इंडिया’ या पुस्तकावरून झालेल्या ‘धिस अवर इंडिया’ (१९६१) मध्ये शेती, लोकसंख्या, खनिजे असे आकड्यांचे विषय चिन्हांच्या आणि साध्या आकृत्यांच्या भाषेत मांडले गेले. तिथे झाडाच्या पानापानाला काही काम नव्हते. एका आकृतीने लक्षावधी माणसे सुचवायची होती. अमेरिकेत जी शैली डिस्नेच्या वर्चस्वाविरुद्धचे बंड म्हणून उभी राहिली, ती भारतात गरज म्हणून रुजली, हा फरक महत्त्वाचा आहे. अपुरा निधी, तोकडे मनुष्यबळ, अनेक भाषा आणि अक्षरओळख नसलेला मोठा प्रेक्षकवर्ग, या चारही अडचणींना मोजक्या रेषेचे चित्र हेच उत्तर होते. ओठांची हालचाल शब्दाशी जुळवायची नसल्यामुळे एकाच कार्टूनपटावर मराठी, हिंदी, तमिळ असे कोणतेही निवेदन चढवता येई.

हा प्रेक्षक कोण होता, हे समजण्यासाठी गोंदियासारख्या गावाकडे पाहावे. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तो भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणजे कार्टून विभाग सुरू झाला त्याच वर्षी. मराठी, झाडीबोली, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी अशा बोलींचा हा मुलूख. सिनेमागृहाच्या परवान्याच्या अटींनुसार प्रत्येक खेळाला मान्यताप्राप्त लघुपट किंवा बातमीपट दाखवणे बंधनकारक असल्याने मुंबईत काढलेले हे काम महानगरांपुरते राहू शकत नव्हते. धान आणि विडीच्या व्यवहारासाठी बाजारात आलेला माणूस तिकीट काढी तो मुख्य चित्रपटासाठी, पण त्याला आधी सरकारी रीळ पाहावेच लागे. सक्तीने दाखवलेल्या कलेबद्दल प्रेक्षकाच्या मनात अढी असते हे खरे, आणि कुटुंबनियोजनाच्या उपदेशाने ती वाढलीही असेल; तरीही आधुनिक चित्रकलेचे कोणतेही दालन ज्या तालुक्यांत नव्हते, तिथे आधुनिक रेषा पोहोचवण्याचे दुसरे साधन त्या काळी नव्हते. शिकलेल्या मराठी वाचकाला मोजक्या रेषेची गोडी व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांच्या चित्रांतून लागली. निरक्षर प्रेक्षकाकडे ती केवळ पडद्यावरून जाऊ शकत होती.

या विभागातील सर्वांत धाडसी प्रतिभा प्रमोद पती यांची. ओडिशात जन्मलेल्या पतींनी प्रागमध्ये यिरी त्रन्का यांच्याकडे बाहुल्यांच्या ॲनिमेशनचे शिक्षण घेतले आणि ‘एक्सप्लोरर’ (१९६८) व ‘आबिद’ (१९७२) या लघुपटांत सरकारी चौकटीतच राहून प्रयोगाची परिसीमा गाठली. ‘आबिद’मध्ये चित्रकार आबिद सुरती यांच्याच देहाला एकेक चौकट थांबवून हलवले आहे, या तंत्राला पिक्सिलेशन म्हणतात. राम मोहन यांचा पिंड वेगळा होता. ‘होमो सॅप्स’मध्ये दिसणारी त्यांची रेषा मिताक्षरी आणि मिस्कील असून मानवजातीचा प्रवास ती सहज सांगून जाते. त्यांनी १९६८ मध्ये सरकारी नोकरी सोडली, पुढे सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तील ॲनिमेशन केले आणि युनिसेफच्या ‘मीना’ मालिकेला आकार दिला. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

तथापि या शैलीचे सर्वांत परिपक्व भारतीय फळ १९७४ चे आहे. ‘एक अनेक और एकता’ हा कार्टूनपट भीमसैन यांनी दिग्दर्शित केला. त्यांची सुरुवात फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगवण्यापासून झाली होती. या कार्टूनपटामागची प्रेरणा विजया मुळे यांची होती. मुंबईत १९२१ मध्ये जन्मलेल्या या विदुषीने पाटण्यात फिल्म सोसायटीची चळवळ रुजवली आणि शिक्षणासाठी चित्रपट वापरण्याचा आयुष्यभर ध्यास घेतला. संगीत वसंत देसाई यांचे. बहीण भावाला पारध्याच्या जाळ्यासकट उडालेल्या पक्ष्यांची गोष्ट सांगते एवढाच कथाभाग, पण ‘एक’ आणि ‘अनेक’ या अमूर्त कल्पना आकारांच्या पुनरावृत्तीतून दिसू लागतात: एक पक्षी, मग तसेच अनेक, मग त्यांचा एकच थवा. इथे साधेपणा खर्च वाचवण्यासाठी राहत नाही, तो अर्थाचाच भाग होतो. दूरदर्शनवरून एका संपूर्ण पिढीने हा कार्टूनपट पाहिला आणि शाळेत शिकवलेल्या कित्येक धड्यांपेक्षा तो अधिक टिकला.

२०१९ मध्ये मुंबईत पेडर रोडवरील फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय खुले झाले आणि २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. कार्टून विभागाच्या कामाची चर्चा आजही मुख्यत्वे इंग्रजी निवेदनाच्या प्रतींवर होते. मराठी निवेदनाच्या प्रती स्वच्छ करून, सूचीबद्ध करून शाळा-महाविद्यालयांना उपलब्ध झाल्या पाहिजेत, कारण ज्या तालुक्यांच्या पडद्यावर हे कार्टूनपट दाखवले गेले तिथल्या प्रेक्षकाने जे ऐकले ते याच प्रतींत आहे, आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्याला ते चित्रासह मिळाल्यावाचून या शैलीचा मराठी इतिहास लिहिता येणार नाही.