‘प्लाझ्मा मिळेल का?’

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. नांदेड-लातुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर दिवसभर एकच निरोप फिरत होता : ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा पाहिजे, अर्जंट.’ खाली पेशंटच्या मुलाचा, नाहीतर भाच्याचा नंबर.

बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला पिवळसर, प्रतिपिंडं असलेला पातळ भाग आजाऱ्याला द्यायचा, ही कल्पना जुनीच. १८९० साली बेहरिंग आणि कितासातो यांनी तिचा पाया घातला. साप चावल्यावर दवाखान्यात देतात ते घोड्याच्या रक्तापासून केलेलं औषधही याच तत्त्वावरचं, त्यामुळे शिवारातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

२९ जून २०२० रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कोरोना रुग्णांना प्लाझ्मा देण्याचा ‘प्लॅटिना’ प्रकल्प सुरू केला. १७ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, मुंबई महापालिकेची ४, आणि ५०० गंभीर रुग्णांचं लक्ष्य. वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख हेच लातूरचे पालकमंत्री होते.

देणारा मिळणं मात्र सोपं नव्हतं. रक्तदान शिबिरं इथं जयंती-पुण्यतिथीला होतातच. पण प्लाझ्मा देणारा कोरोनातून बरा झालेला हवा, वजन पुरेसं हवं. गरोदरपण येऊन गेलेल्या बाईचा प्लाझ्मा घेत नसत, कारण त्यातली काही प्रतिपिंडं घेणाऱ्याच्या फुप्फुसांना इजा करू शकतात. यंत्र रक्त ओढून प्लाझ्मा वेगळा करतं आणि पेशी परत अंगात सोडतं. रक्तगटाचा हिशोबही इथं उलटा : सगळ्यांना चालतो तो एबी गटाचा प्लाझ्मा, ओ गटाचा नव्हे. घाबरलेल्या नातेवाइकांना हे कुणी नीट समजावून सांगायला हवं होतं.

त्याहून मोठी गोष्ट पोचायची राहिली. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची ‘प्लॅसिड’ चाचणी केली होती. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी १८ टक्के जण अत्यवस्थ झाले किंवा दगावले. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच छापून आला होता. तरीही दुसऱ्या लाटेत चिठ्ठीवर प्लाझ्मा लिहिला जात राहिला आणि बाप ऑक्सिजनवर असताना पोरं दाता शोधत फिरली. ही सहा-सात महिन्यांची दिरंगाई माफ करण्यासारखी नाही. उपचारांच्या अधिकृत यादीतून प्लाझ्मा निघाला तो १७ मे २०२१ रोजी, लाट ओसरायला लागल्यावर.

प्लाझ्मा अगदीच कुचकामी होता, असंही नाही. अर्जेंटिनात लक्षणं दिसल्यापासून ७२ तासांच्या आत, भरपूर प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा वृद्धांना दिला, तेव्हा श्वसनाचा गंभीर त्रास ३१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. पण खेड्यातला माणूस आधी अंगावर काढतो, मग गावातल्या डॉक्टरची गोळी घेतो, मग तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहतो. गटावर तो निरोप पडायचा तोवर अनेकदा आजाराचा आठवडा उलटलेला असायचा. ‘प्लॅसिड’मधल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात तर चाचणीत दाखल होतानाच त्यांची स्वतःची प्रतिपिंडं सापडली होती.