उपास मोडला म्हणून

डोंबिवलीच्या फलाटावर रोजची लोकल डोळ्यांदेखत सुटली, तर कुणी राजीनामा लिहायला बसत नाही. मागून येणारी पकडतो, दारात लटकतो, उशिरा का होईना पोचतो. हाच माणूस सकाळचं चालणं मात्र दोन दिवस चुकलं की बूट माळ्यावर टाकतो. ‘आता पाडव्यापासून!’

असं होण्यात २१ दिवसांच्या समजुतीचा वाटा मोठा. २१ दिवस खाडा न करता केलं की सवय लागते, असं सगळेच सांगतात. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातला. शस्त्रक्रियेनंतर नवं रूप अंगवळणी पडायला किमान २१ दिवस जातात, असं त्यांना दिसलं होतं. नाकाचा हिशेब लोकांनी पायांना लावला. वर ‘किमान’ हा शब्दही वाटेत गळाला.

सवयीचाच अभ्यास केला तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एक गोष्ट ठरल्या वेळेला जोडून ८४ दिवस करायची होती. सवय मुरायला लागलेल्या दिवसांचा मध्य आला ६६. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असं निघालं. पाहणी ८४ दिवसांची, मग २५४ कुठून? आलेखाची रेषा पुढे वाढवून. शिवाय रेषा नीट जुळली ती ३९ जणांचीच. तेव्हा ६६ चीही पोथी करू नये. मला मोलाची वाटते ती त्यातली दुसरी नोंद: एखादी खेप चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

नुकसान करतो तो खाड्यानंतरचा विचार. उपास चुकून मोडला की ‘मोडलाच आहे, तर वडेही आणा’ हा आपल्याकडचा न्याय. १९७५ सालच्या एका प्रयोगात नेमकं हेच दिसलं. खाण्यावर लगाम ठेवणाऱ्या ज्यांना आधी मिल्कशेक पाजला, त्यांनी नंतर आइस्क्रीम जास्त खाल्लं. मिल्कशेक न मिळालेल्यांनी कमी. एरवी शिस्त म्हणून मिरवतो ती परिपूर्णतेची हौस इथे उलटते.

‘करायचं तर तासभर, नाहीतर नकोच’ हेही तसंच. येऊरच्या डोंगरात फिरून येण्याएवढा वेळ कल्याणहून मुंबईला जाणाऱ्याकडे रोज कुठला? व्यायाम सलग किमान १० मिनिटांचा हवा, ही अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली. आठवड्याला १५० मिनिटांचं लक्ष्य आहे, पण तुकडे चालतात. शेअर रिक्षा सोडून स्टेशनपर्यंत भराभर चाललात, तर तेही धरायचं.

मी चाललेल्या दिवसांवर कॅलेंडरात फुल्या मारतो. गेल्या जुलैत पावसाने नऊ चौकोन कोरे ठेवले. पूर्वी पहिल्या कोऱ्या चौकोनाशीच पेन ठेवून द्यायचो. या वेळी दहाव्या चौकोनात फुली मारली. छत्री मात्र स्टेशनवर विसरली.